गोल भाकरीवरचा आळ

विजापूर रोडला लागून जुळे सोलापुरात पत्र्याचं एक शेड आहे. सकाळी त्यातून थप थप असा आवाज येतो आणि धुराबरोबर भाजलेल्या ज्वारीचा वास येतो. ते शेड गोजरबाईंचं. माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं, सासर मंद्रूपचं, आणि पोरगा इथे नोकरीला लागला म्हणून मुक्काम सोलापूरचा. एरवी मराठी बोलतात. राग आला की कानडीत जातात. त्यामुळे बाई कानडीत बोलायला लागल्या की शेजारीपाजारी आपापल्या घराची दारं लोटून घेतात आणि फटीतून ऐकतात. मी त्यातला नाही. मी दार उघडं ठेवून ऐकतो.

गोजरबाई कडक भाकरी करतात. सोलापूरच्या माणसाला कडक भाकरी काय हे सांगायला नको, पण पुण्यामुंबईची पाहुणेमंडळी ती पापड समजून ताटाच्या कडेला ठेवतात, म्हणून सांगतो. ज्वारीची भाकरी कागदासारखी पातळ थापायची, तव्यावर भाजताना फडक्यानं दाबत राहायचं, मग चुलीच्या उबेला उभी करून ठेवायची. पार वाळून कुरकुरीत होते आणि महिनोन्‌महिने टिकते. शेंगाची चटणी आणि दही असलं की दुसरं काही लागत नाही.

आता अशी भाकरी पुष्कळजणी करतात. गोजरबाईंची खोड अशी, की त्यांची भाकरी गोल होते. गोल म्हणजे तुमच्या-आमच्या घरी होते तशी नव्हे. एकीवर एक ठेवली तर खालची दिसत नाही. याचं कारण त्यांच्या नवऱ्यात आहे. ते ट्रकवर होते. चार-चार दिवस बाहेर. बरोबर उंच गोल ॲल्युमिनियमचा डबा, त्यात भाकऱ्यांची चवड. एखाद्या भाकरीचा काठ जरा पुढे आला की झाकण लावताना तो मोडायचा, मग ट्रकच्या हादऱ्यानं बाकीच्याही मोडायच्या, आणि विजापूर येईपर्यंत डब्यात नुसता चुरा. नवरा परत आला की म्हणायचा, “मला काय कोंबडी समजलीस का?” नव्या नवरीला हे लागलं. तिनं डब्याच्या तोंडाचं माप हातात बसवलं. पुढे ट्रक गेला, डबा गेला, काही वर्षांनी नवराही गेला. हातातलं माप तेवढं राहिलं.

दर रविवारी होटगी रोडवरच्या एका मंगल कार्यालयात बचत गटांच्या बायकांचा बाजार भरतो. तिथे गोजरबाईंचं टेबल. टेबलावर पाटी: ‘हातची कडक भाकरी’. रंगाऱ्यानं ‘गोजराई फूड्स’ असं काहीतरी सुचवलं होतं. बाईंनी त्याला विचारलं, “फूड्स कोन करतंय हितं?” आणि आपल्याला हवी तीच पाटी करून घेतली.

या पाटीवर गंडांतर आणलं अभिमन्यूनं. हा मूळचा अकलूजचा. दिवसा कुठल्याशा ऑफिसात बसतो आणि संध्याकाळी मोबाईलसमोर जेवतो. मुलगा वाईट नाही. तोंडात घास असताना बोलतो, एवढाच काय तो दोष, आणि हल्ली तो गुण समजतात. एका रविवारी त्यानं गोजरबाईंच्या भाकऱ्यांची चवड टेबलावर रचली, मोबाईल आडवा धरला आणि म्हणाला, “मित्रांनो, नीट बघा. सगळ्या एका मापाच्या. माणसाच्या हातानं हे होईल का? मशीनवर काढतात आणि हातची म्हणून आपल्याला विकतात. एकदम बोगस.”

हा व्हिडिओ इतक्या लोकांनी पाहिला की माझ्या बार्शीच्या साडूनं तो मलाच पाठवला, वर ‘सावध राहा’ असं लिहून. मी तीस पावलांवर राहतो.

गोजरबाईंना हे सुनेनं दाखवलं. सून चेतना, हुशार मुलगी, भाकऱ्यांच्या पिशव्या भरणं, फोन घेणं, सगळं तीच बघते. बाईंनी व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला, फोन परत दिला आणि पुढची भाकरी थापायला घेतली. कानडीतही गेल्या नाहीत. तेव्हाच मला काळजी वाटली.

दुसऱ्या दिवशी बाजार चालवणाऱ्या महेश्वरीताई शेडवर आल्या. अतिशय सरळ बाई. पोटात एक नि ओठात एक असं त्यांना जमत नाही, म्हणून तर त्यांना अध्यक्ष केलंय. बाकीच्यांना ते जमतं.

“गोजरअक्का, माझा तुमच्यावर विश्वास आहे,” त्या म्हणाल्या. “पण कालपासून लोक चटणीवालीला फोन करून विचारतायत, पापडवालीला विचारतायत. तुमचंही मशीनचंच का, म्हणून. सगळ्या बाजाराला झळ बसतीये. काही दिवस पाटीवरचा ‘हातची’ एवढा शब्द झाकू या का? नुसतं ‘कडक भाकरी’ ठेवू. विक्री कुठे थांबतीये?”

“इक्री थांबत न्हाय. पर मग हितं माजं काय ऱ्हातंय?” गोजरबाई म्हणाल्या. “भाकरी तर मशीन बी करतीया की.”

“मग रविवारपर्यंत काहीतरी मार्ग काढा. नाहीतर मला शब्द झाकावा लागेल. पोटातून सांगते, मला ते आवडणार नाही.”

एवढं बोलून महेश्वरीताई गेल्या. जाताना दोन पुडे भाकरी विकत घेऊन गेल्या, हेही सांगायला हवं.

आता या गोष्टीत वेणीमाधव मास्तर येतात. मास्तर इंग्रजी शिकवून निवृत्त झाले, पण इंग्रजी त्यांच्यातून निवृत्त झालं नाही. शब्द कुठून आला हे शोधायचा त्यांना नाद. बायकोनं, म्हणजे यशोदावहिनींनी, कोबी आणायला पाठवलं तर कोबी या शब्दाचं पोर्तुगीज मूळ घेऊन येतात आणि कोबी विसरतात. रोज सकाळी आम्ही दोघं शेडच्या बाहेरच्या बाकावर बसतो. गोजरबाई मोडक्या भाकरीचे तुकडे आणि चटणी देतात. आम्ही त्या बदल्यात त्यांना गावाच्या बातम्या देतो. सौदा त्यांना महागात पडतो.

त्या सकाळी गोजरबाईंनीच विषय काढला.

“मास्तर, बोगस म्हंजी नक्की काय वो?”

“खोटं. बनावट.”

“ते मला बी ठावं हाय. आमच्या मंद्रूपला बोगस बियानं आलं, बोगस डाक्टर आला, मतदार बी बोगस आले. मी इचारतीया, ह्यो शबूद आला कुटनं? ज्यानं कुनी पयल्यांदा काडला, त्यानं कशाला बगून काडला?”

मास्तरांना असा प्रश्न आयुष्यात कुणी आपणहून विचारला नव्हता. वर्गात तर नाहीच. त्यांनी हातातला तुकडा बशीत ठेवला.

“तो शब्द मराठी नाही, बाई. अमेरिकेचा. दोनशे वर्षं होत आली. तिकडे ओहायो नावाच्या प्रांतात खोटी नाणी पाडणारी एक टोळी पकडली. त्यांच्याकडे एक यंत्र सापडलं. बघायला ही गर्दी. यंत्र असं चमत्कारिक की काय म्हणावं कळेना. गर्दीतला कुणीतरी म्हणाला, हा बोगस आहे. तिथल्या वर्तमानपत्रानं ते नाव उचललं. आधी यंत्राला बोगस म्हणत, मग त्यातून निघालेल्या नाण्याला, मग जे जे खोटं त्या सगळ्याला.”

“आनी त्या गर्दीतल्याला ह्यो शबूद कुनी शिकवला?”

“ते पक्कं ठाऊक नाही. कुणी म्हणतात, तिकडच्याच दुसऱ्या एका प्रांतात ओंगळ दिसणाऱ्या वस्तूला टँट्राबोगस म्हणायचे, त्याचं शेपूट तेवढं राहिलं. कुणी आणखी कुठलं मूळ सांगतात. खात्रीनं कुणालाच सांगता येत नाही.”

“म्हणजे बोगस शब्दाचा स्वतःचाच दाखला मिळत नाही,” मी म्हणालो. मास्तरांनी माझ्याकडे दुर्लक्ष केलं. त्यांना सवय आहे.

गोजरबाईंनी काटवटीवर, म्हणजे त्या लाकडी परातीवर, नवा गोळा ठेवला. मग म्हणाल्या, “म्हंजी त्यांनी आदी मशीन बगितली, आनी मग बोगस म्हटलं.”

“अगदी बरोबर.”

“ह्या पोरानं मशीन कुटं बगितली?”

चेतना पिशव्या भरत होती, ती तिथूनच म्हणाली, “आत्या, मी एक सांगू का? रविवारी जरा वाकड्याच करा की. एखाद्या भाकरीचा काठ फाटका ठेवा, एखादी लांबट करा, वर बोटं उमटू द्या. लोकांना तसंच आवडतंय आता. वाकडी दिसली की म्हणतात, हातची. भांडणच मिटेल.”

मला ही युक्ती पसंत पडली, हे मी लपवत नाही. गोजरबाई मात्र मास्तरांकडे वळल्या.

“मास्तर, त्या टोळीवाल्यांचं नानं खोटं कशामुळं? गोल व्हतं म्हणून?”

“छे. नाणी गोलच असतात. सरकारचं नसताना सरकारचं म्हणून चालवलं, म्हणून खोटं.”

“ऐकलंस का?” बाई सुनेला म्हणाल्या. “माजा हात वाकडी करत न्हाय. मुद्दाम वाकडी करायची, आनी ‘बगा माजा हात’ म्हणून लोकांला द्यायची. मग बोगस कंची झाली, ती का ही?”

चेतना हसली. “आत्या, तुमच्यासंगं बोलण्यात राम नाही.”

“त्या पोराला फोन लाव. म्हणावं, रविवारी बाजारात ये. तुज्याम्होरं थापती. मशीन सापडली तर पाटी मी माज्या हातानं चुलीत घालती. महेश्वरीताईस्नी बी सांग.”

अभिमन्यूला असं आमंत्रण म्हणजे दिवाळीच. त्यानं आदल्या दिवशीच जाहीर करून टाकलं, ‘भाकरीची परीक्षा, थेट प्रक्षेपण’. रविवारी मंगल कार्यालयात लग्नाला होत नाही एवढी गर्दी. अहेर नसला की माणसं मोकळ्या मनानं येतात.

महेश्वरीताईंनी आपल्या परीनं चोख व्यवस्था केली होती. मंचावर उंच टेबल, त्यावर पांढरं कापड, त्यावर गॅसची शेगडी, सगळ्यांना दिसावं म्हणून. पीठ बाजारातल्याच दुकानातून नवं आणलेलं, म्हणजे कुणी शंका घ्यायला नको. पाणी कोपऱ्यातल्या चहाच्या यंत्रातलं, गरम. सगळं बरोबर होतं, फक्त भाकरीला विचारलं नव्हतं.

गोजरबाईंनी पीठ हातात घेतलं, चिमटीत दाबलं आणि त्यांचा चेहरा उतरला. मी पुढच्या रांगेत होतो, मला दिसलं. ज्वारीच्या पिठाला एक चिकटपणा असतो, त्याला आमच्याकडे विरी म्हणतात. दळून फार दिवस झाले की विरी जाते. तसल्या पिठाला उकळतं पाणी पाहिजे, आणि यंत्रातलं पाणी चहा विरघळण्यापुरतं गरम. त्यात उंच टेबल. बाई आयुष्यभर जमिनीवर बसून, काटवटीवर अंगाचा भार टाकून थापणाऱ्या. उभं राहिल्यावर हाताला जोर कुठून येणार? पण समोर माणसं, मोबाईल. त्यांनी थापायला सुरुवात केली.

पहिली भाकरी एका बाजूनं फाटली. दुसरी नकाशावरच्या आफ्रिकेसारखी झाली. तिसरी तव्यावर टाकताना दुमडली. चेतनानं डोळे मिटून घेतले. मास्तर माझा दंड दाबत होते.

आणि तेवढ्यात टाळ्या सुरू झाल्या.

मला आधी वाटलं, टिंगल चाललीय. पण नाही. अभिमन्यूनं ती आफ्रिका उचलून मोबाईलसमोर धरली आणि गहिवरून म्हणाला, “मित्रांनो, हा बघा फाटलेला काठ. ही बोटं बघा. याला म्हणतात अस्सल. मावशी, मी चुकलो. तुमचा हात खरा.” मागून एक बाई म्हणाली, “माझी आई अश्शीच करायची.” तिची आई काय करायची ते आम्हाला कळलं. दोघं-तिघं पुढे येऊन ती फाटकी भाकरीच विकत मागायला लागले.

महेश्वरीताईंचा जीव भांड्यात पडला. त्या मंचावर आल्या. “झालं की, गोजरअक्का. सगळ्यांनी पाहिलं. पाटी राहिली तुमची.”

गोजरबाईंनी हाताला लागलेलं पीठ खाली झटकलं. “कशावर ऱ्हायली?”

“म्हणजे?”

“ही बगून ऱ्हायली ना?” त्यांनी त्या फाटक्या भाकरीकडे बोट केलं. “ही माजी भाकरी न्हाय.”

“मावशी, तुम्हीच केली ना आत्ता? आम्ही पाहिली की,” अभिमन्यू म्हणाला.

“केली मीच. बिगडली म्हणून अशी झाली. अशी मी कुनाला इकत न्हाय. ही बगून पाटी ऱ्हाणार आसंल, तर म्होरच्या रविवारी माज्या टेबलावर गोल भाकऱ्या बगून तुमी पुन्यांदा बोगस म्हणनार. मग आज माजं काय ठरलं?”

बाईंनी टेबलाशी जाऊन स्वतःच पाटी उचलली आणि पालथी घातली.

“आत्या, जिंकलाय की तुम्ही,” चेतना हलक्या आवाजात म्हणाली. “आता पुन्हा करायला गेलात आणि गोल झाली तर परत तेच म्हणतील.”

“म्हणू दे. म्होरं बसून म्हणतील. अगं, टेबल काड हे. माजी काटवट आन गाडीतनं. आनी भगुनं ठेव शेगडीवर, पानी खळखळू दे.”

टेबल निघालं. बाई मंचावरच मांडी घालून बसल्या. महेश्वरीताईंनी घड्याळाकडे पाहिलं. पलीकडे पाककृतीची स्पर्धा खोळंबली होती. पण त्या खाली बाईंच्या शेजारी येऊन बसल्या. अभिमन्यूला घाई झाली होती. त्याला हवा तो शेवट त्याच्या मोबाईलमध्ये आला होता आणि आता त्याला निघायचं होतं.

“दादा, ते बंद करू नगा,” गोजरबाई म्हणाल्या. “आनी उबं कशापायी? बसा हितं. काटवटीखाली बगा, पदरात बगा, मशीन कुटं दडवलीया का.”

लोक हसले. तो बसला. दुसरं काय करणार?

पिठात उकळतं पाणी पडलं. बाईंनी ते हातानं कालवलं, आपण चमचा शोधला असता. मळून मळून गोळा असा मऊ केला की बघणाऱ्याला तो चिमटावासा वाटावा. तरी पहिली भाकरी काठाला चिरली. बाईंनी ती बाजूला ठेवली. दुसरीही चिरली. मंडळी उठायला लागली. वाट पाहणं फुकट असलं तरी माणसाला जड जातं. निम्मं सभागृह चटणीच्या टेबलांकडे पांगलं. बाई मान वर करेनात. गोळा पुन्हा मळायला घेतला, तळव्याची कड लावून लावून. त्यांच्या कपाळावरचा घाम चेतनानं पदरानं टिपला आणि भगुनं पुन्हा शेगडीवर चढवलं.

मग तो आवाज आला. थप, थप, एका लयीत, आमच्या सकाळचा आवाज. भाकरी हाताखाली फिरायला लागली. हात थापतोय का ती आपोआप फिरतीये, सांगता येईना. काठ वाढत वाढत एका जागी आला आणि थांबला. बाईंनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली, फडक्यानं दाबली. तिच्यामागून दुसरी. तिच्यामागून तिसरी. महेश्वरीताईंनी एकीवर एक ठेवून पाहिल्या. खालची दिसेना.

मागच्या रांगेतला एक इसम मोठ्यानं म्हणाला, “आता परत मशीनसारख्या दिसायला लागल्या बघा.”

“व्हय. अशाच व्हत्या,” गोजरबाई म्हणाल्या, आणि चौथी थापायला घेतली.

महेश्वरीताई उठल्या. त्यांनी ती चवड उचलून धरली आणि माईक न घेता, राहिलेल्या लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, “ह्या गोल भाकऱ्या हातच्या आहेत. मी शेजारी बसून पाहिल्या आहेत. ज्याला शंका असेल त्यानं माझ्याशी बोलावं.” मग त्यांनी पाटी सरळ केली. कुणीही बोलायला गेलं नाही. महेश्वरीताईंशी बोलायचं म्हणजे सोपं काम नव्हे.

बिघडलेल्या भाकऱ्या बाईंनी शेवटपर्यंत कुणाला विकल्या नाहीत. मास्तरांनी आणि मी त्या दह्यात कुस्करून मंगल कार्यालयाच्या पायऱ्यांवर बसून खाल्ल्या. चवीला उत्तम. आकाराबद्दल आमची तक्रार नव्हती.

आता तुम्ही विचाराल, अभिमन्यूनं पुढे काय केलं. त्यानं सगळं जसंच्या तसं टाकलं, गोल भाकरीसकट. त्या बाबतीत पोरगा सच्चा निघाला. पण लोकांनी त्यातला आफ्रिकेचाच तुकडा तोडून घेतला आणि तोच गावभर फिरतोय. ‘अस्सल सोलापुरी हात’ असं वर लिहिलेलं. बार्शीच्या साडूनं तोही मलाच पाठवला.

परवाच्या रविवारी एक जोडपं गोजरबाईंच्या टेबलाशी आलं. गाडी पुण्याची. बाईंनी चवड पुढे केली. त्यातल्या पोरीनं भाकऱ्या वरखाली केल्या, नाक मुरडलं आणि विचारलं, “ह्या नकोत. त्या व्हिडिओतल्या वाकड्या नाहीत का? आम्हाला त्याच हव्यात. जास्त पैसे देऊ.”

चेतनानं सासूकडे पाहिलं. त्या नजरेत थोडी आशा होती, खोटं कशाला बोलू. बाजूच्या चटणीवालीनंही हात थांबवला.

गोजरबाईंनी भाकऱ्यांची चवड पुन्हा नीट लावली.

“वाकड्या न्हाईत,” त्या म्हणाल्या. “त्या तुमी घरी करा. पयल्या पयल्या वाकड्याच हुत्यात.”

पोरगी गोंधळली. नवरा हसला आणि त्यानं गोल भाकरीचा एक पुडा घेतला.